फायबरच्या होडीचं रबिंग, पॉलिश आणि वॅक्स: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

होडीच्या बाजूवरून कोरडा तळवा फिरवून बघा. तळव्याला खडूसारखी पांढरी पूड लागली, तर तो मळ नव्हे. तो तुमच्या होडीचा जेलकोटच आहे, उन्हाने मोडून सुटा झालेला. जेलकोट म्हणजे फायबरच्या सगळ्यात वरचा रंगीत रेझिनचा थर. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि होडीच्या आयुष्यभर तेवढाच पुरवायचा असतो. रबिंग करताना चमक येते ती याच थराचा वरचा मेलेला पापुद्रा घासून काढल्यामुळे. म्हणजे प्रत्येक रबिंगला थर थोडा पातळ होतो. वॅक्सने मात्र काहीच झिजत नाही, उलट ऊन, खारं पाणी आणि जेलकोट यांच्यामध्ये ते स्वतः झिजतं. म्हणून खालची सगळी कृती एकाच हिशोबाने लिहिली आहे: रबिंग कमीत कमी, वॅक्स वेळच्या वेळी.

आकडे २० फुटी उघड्या होडीचे धरले आहेत. मालवण, तारकर्ली, दापोली, अलिबागकडे पर्यटकांसाठी चालतात त्या मापाची. पाण्याच्या वरच्या दोन्ही बाजू आणि मागची फळी धरून अशा होडीचं क्षेत्रफळ १० ते ११ चौरस मीटर भरतं. तापोळ्यासारख्या धरणाच्या गोड्या पाण्यात होडी चालत असेल तरी कृती तीच. तिथे खाऱ्याचा त्रास नाही, पण ऊन तेवढंच.

## १. आधी ठरवा: वर जेलकोट आहे की रंग?

इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या होड्यांवर नंतर इनॅमल किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग मारलेला असतो. रंगाचा थर जेलकोटच्या मानाने फारच पातळ असतो, त्यावर लोकरीच्या पॅडने रबिंग केलं की तो कडांवर लगेच उडतो.

कुठेतरी टवका उडालेली जागा शोधा आणि तिची कड जवळून बघा. जेलकोटचा टवका जाड असतो, शिंपल्याच्या तुकड्यासारखा, नखाला पायरी जाणवते आणि खाली पिवळट-हिरवट, अर्धपारदर्शक फायबर दिसतं. रंगाचा टवका पापडीसारखा निघतो आणि खाली बहुतेक वेळा दुसराच रंग दिसतो.

टवका कुठेच नसेल तर आडबाजूला कापडावर थोडं ॲसिटोन घेऊन पाच-सहा वेळा पुसा. इनॅमल मऊ पडून कापडावर उतरतो. जेलकोटला काही होत नाही. मात्र चांगला दोन भागांचा पीयू रंगही ॲसिटोनला दाद देत नाही, म्हणून टवक्याची खूण जास्त भरवशाची. आणखी एक: निळ्या-लाल जेलकोटवर रबिंग केल्यावरही कापडाला रंग येतो, तेव्हा नुसतं कापड रंगलं म्हणून ‘हा पेंटच’ असं ठरवू नका.

वर रंगच आहे असं ठरलं तर रबिंगचा विषय सोडा. धुवा, हातानेच हलकं पॉलिश आणि वॅक्स, बस.

## २. होडीची हालत तपासा

सावलीत, होडी कोरडी असताना बघा. ओला जेलकोट नेहमीच नव्यासारखा दिसतो, त्यावर विसंबू नका.

बाजूवर पाणी शिंपडा. थेंब गोल गोल होऊन ओघळले तर वॅक्स अजून आहे. धुऊन एक हात वॅक्स पुरेल. पाणी पसरून पत्र्यासारखं चिकटलं, पण काळं कापड घासल्यावर पूड नाममात्र आली, तर नुसतं पॉलिश आणि वॅक्स. कापडावर स्पष्ट पांढरा पट्टा उमटला आणि चेहऱ्याचं प्रतिबिंब दिसत नाही, तर रबिंग लागेल. रबिंग करूनही तुकडा निस्तेजच राहिला, तरच वॉटर पेपरचा, म्हणजे पाणी लावून घासायच्या बारीक सँडपेपरचा, विचार करायचा.

एकाच होडीवर या सगळ्या अवस्था सापडू शकतात. दक्षिणेकडे तोंड असलेली बाजू आणि नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) वरचा भाग लवकर मरतो, ताडपत्रीखालचा शाबूत असतो. सगळीकडे एकच उपचार करायची गरज नाही.

कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली, तर ती आधी जेलकोट पुट्टीने भरून घ्या. नाहीतर रबिंगची पेस्ट त्यात जाऊन बसते आणि नंतर पांढऱ्या रेघा कायमच्या दिसतात. पाणरेषेखाली फोड आले असतील तर तो दुरुस्तीचा विषय. वॅक्सने फोड बरे होत नाहीत.

## ३. काय घ्यायचं?

दुकानात ‘पॉलिश’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. रबिंग कंपाउंड जास्त कापतं. पॉलिश बारीक कापतं आणि कंपाउंडचे ओरखडे काढतं. वॅक्स काहीच कापत नाही, वर थर सोडतं. नवखा माणूस हमखास फसतो तो मेलेल्या जेलकोटवर थेट वॅक्स लावून. दोन दिवस ओलसर चमक दिसते, मग डागाडागांनी पांढरं व्हायला लागतं. वॅक्सला धरायला खाली घट्ट पृष्ठभाग लागतो आणि तिथे तर भुकटी असते.

वॅक्समध्ये निवड अशी करा.

कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं नैसर्गिक मेण. चमक खोल येते, लावायला सोपं, चुकलं तरी पुसता येतं. आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हात आणि खाऱ्यात दीड-दोन महिने धरायला हरकत नाही. गडद रंगाच्या होडीवर सुंदर दिसतं.

सिंथेटिक किंवा पॉलिमर सीलंट चार-पाच महिने टिकतो. रोज पाण्यात असणाऱ्या धंद्याच्या होडीला हाच योग्य. मेण आणि पॉलिमर एकत्र असलेली घट्ट पेस्टही मिळते, उदाहरणार्थ कॉलिनाइट ८८५. पुसायला दमवते पण टिकाऊ असते.

क्लीनर-वॅक्स, म्हणजे पॉलिश आणि वॅक्स एकत्र, जसं मेग्वायर्स ५०. थोडं निस्तेज झालेल्या होडीला चांगलं. पूड जास्त येत असेल तर याचं काही चालत नाही.

सिरॅमिक कोटिंग पहिल्यांदाच करणाऱ्यांनी घेऊ नये. ते बसवायला पृष्ठभाग निर्दोष लागतो, हवेतला दमटपणा त्याला त्रास देतो आणि खाली राहिलेला प्रत्येक ओरखडा ते कोंडून ठेवतं. चुकलं तर काढायला परत रबिंग. धक्क्याला रोज घासणाऱ्या होडीवर हा खर्च वसूल होत नाही.

बाटलीवर ‘सिलिकॉन’ असेल तर विचार करून घ्या. चमक झटपट येते, पण उद्या त्या जागी जेलकोट दुरुस्ती किंवा रंगकाम करायचं झालं तर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि रंग पकडत नाही. तेलाचा हात फिरवून आणलेली चमकही अशीच. धूळ धरते आणि वॅक्सला टिकू देत नाही.

## ४. सामान

- लिक्विड साबण, दोन प्लास्टिकच्या बादल्या, मऊ ब्रश
- ॲसिटोन ५०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली
- ऑक्झॅलिक ॲसिड पूड १०० ग्रॅम (पाणरेषेवर पिवळा डाग असेल तरच)
- रबिंग कंपाउंड ५०० मिली, बारीक पॉलिश ५०० मिली, वॅक्स २०० ते २५० ग्रॅम (दोन हातांना पुरतं)
- वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशिंग मशीन, १८० मिमी मापाची लोकरीची पॅड दोन, फोमची पॅड दोन
- मास्किंग टेप, मायक्रोफायबरची किमान दहा-बारा कापडं
- गॉगल, मास्क, रबरी हातमोजे
- ईएलसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावलेला एक्स्टेंशन बोर्ड. ओल्या वाळूत उभं राहून मशीन चालवायचं आहे, यात काटकसर नको

मशीनबद्दल स्पष्ट सांगायला हवं. वर्कशॉपमधला अँगल ग्राइंडर घेऊन त्याला बफ लावू नका. तो मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि आपल्याला हव्यात जास्तीत जास्त १,५००. काही सेकंदांत जेलकोट जळून पिवळा पडतो. हात बसलेला नसेल तर फिरता फिरता हलणारं ड्युअल ॲक्शन मशीन घ्या. काम सावकाश होतं, पण जाळण्याची भीती जवळपास नाही. जेलकोट फारच मेलेला असेल तर मात्र रोटरीच, म्हणजे पॅड नुसतं गोल फिरवणारी मशीन, लागते.

कॉटन वेस्ट वापरू नका. त्यातले जाड धागे आणि अडकलेला कचरा बारीक ओरखडे पाडतात.

## ५. दिवस कोणता?

प्रवासी होड्या मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. जड काम मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, होडी वर ओढल्यावर पण शाकारायच्या आधी उरकावं हे बरं. पावसाळ्याच्या मानाने हवा कोरडी मिळते आणि पावसाळाभर झाकलेल्या होडीवर बुरशीचे काळे ठिपके कमी बसतात. ऑगस्टअखेरीस झापं-ताडपत्री काढल्यावर धुऊन फक्त वॅक्सचा एक हात. जानेवारीच्या सुमारास आणखी एक.

काम सावलीतच. माडाच्या सावलीवर भागवू नका, ती सरकते आणि वरून कचरा पडतो, ताडपत्री ताणा. तळवा होडीवर आरामात टेकवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर कंपाउंड आणि वॅक्स दोन्ही जागीच सुकून दगड होतील. सकाळी दव पुसून, पृष्ठभाग पूर्ण कोरडा झाल्यावर सुरू करा आणि ऊन चढलं की थांबा.

## ६. धुणं आणि डाग

पहिल्यांदा नुसत्या पाण्याने खार आणि वाळू उतरवा. वाळूचा एक कण पॅडखाली राहिला तर तो वर्तुळाकार ओरखडे काढत जातो. मग साबण. आज भांड्यांचा लिक्विड साबण चालेल, कारण जुनं वॅक्स काढायचंच आहे. वरून खाली धुवा. शेवटचं पाणी गोडंच हवं. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच बोअरवेल मचूळ असतात. त्या पाण्याने धुतलं तर सुकल्यावर मिठाचा थर पुन्हा तिथेच बसतो आणि तो तुम्ही पॅडने जेलकोटमध्ये घोळता.

टायरचे काळे फराटे ॲसिटोनच्या कापडाने दोन-तीन हातांत जातात. पुसा आणि पुढे जा, भिजवून ठेवू नका. ॲक्रिलिकच्या काचेवर ॲसिटोनचा थेंबही जाऊ देऊ नका, ती लगेच धुरकट होते आणि तडकते. एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगात घालतात ते) टाळा.

खाडीत उभ्या राहणाऱ्या होडीला नाळेपासून पाणरेषेपर्यंत तपकिरी-पिवळी मिशी येते. हा झाडपाल्याच्या पाण्याचा आणि गंजाचा डाग. कंपाउंडने घासत बसाल तर जेलकोट उगाच जाईल. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा, हातमोजे घालून स्पंजने लावा, दहा मिनिटं थांबा. डाग डोळ्यांदेखत फिकट होतो. सुकू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. ही पूड विषारी आहे, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. टॉयलेट क्लीनर वापरायचा मोह आवरा. त्यातल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने स्टीलचे कडे-रेलिंग आणि इंजिनाचं ॲल्युमिनियम खराब होतं.

सुकल्यावर सगळीकडे ॲसिटोनचा एक हलका हात मारा आणि कापड वारंवार बदला. नव्याकोऱ्या होडीलाही हे लागतं, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं रिलीज वॅक्स तिच्यावर असतं. बाटली बंद करून दूर ठेवल्याशिवाय मशीन सुरू करू नका. ॲसिटोनची वाफ ठिणगीने पेटते.

## ७. रबिंग

नोंदणी क्रमांक, नाव, स्टिकर, रबरी पट्टी, कडे, पाणरेषा या सगळ्यांना टेप लावा. उंच कोपरे आणि काठांनाही लावा, तिथे जेलकोट मुळात पातळ असतो.

आता दोन फूट बाय दोन फूट एवढा एक तुकडा निवडा, शक्यतो मागच्या बाजूला. हा नमुना. पहिल्यांदा फक्त बारीक पॉलिश फोम पॅडने करून बघा. चमक आली तर कंपाउंडची गरजच नाही. नाही आली तर लोकरीचं पॅड आणि कंपाउंड. नेहमी सौम्य उपायापासून वर चढत जायचं.

रोटरी मशीनने असं करा:

१. तुकड्यावर कंपाउंडचे पाच-सहा ठिपके, मिळून १० ते १२ मिली.

२. मशीन बंद असतानाच पॅड टेकवून कंपाउंड पसरा. मग ६०० फेऱ्यांवर सुरू करा म्हणजे अंगावर उडणार नाही.

३. १,२०० पर्यंत वाढवा. पॅड सपाट, मशीनचं वजन पुरेसं, वरून दाब नको. एक फूट सरकायला दोन-तीन सेकंद. आडव्या फेऱ्या, मग उभ्या, प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्यावर चढलेली.

४. कंपाउंड पारदर्शक व्हायला लागलं की थांबा. कोरडं पडेपर्यंत घासू नका.

५. पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्याने परत पुसा.

पाचवी पायरी गाळू नका. कंपाउंडमधलं तेल ओरखड्यांत भरून खोटी चमक देतं; अल्कोहोलने ते निघतं आणि खरी हालत दिसते. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. अजून धुरकट असेल तर तोच तुकडा आणखी एकदा. दोनदा करूनही फरक नसेल तर वॉटर पेपर.

होडीवर असे साधारण ३० तुकडे होतात. एकाला पाच-सहा मिनिटं धरली तर नुसत्या रबिंगला तीन तास. दोन सकाळी ठेवा. ५०० मिली कंपाउंड एका फेरीला पुरतं. सगळीकडे दोन फेऱ्या लागणार असतील तर लिटरभर आणा.

काय बिघडतं ते ओळखून ठेवा. पॅड एका जागी थांबलं की रेझिन जळल्याचा तिखट वास येतो आणि पिवळट डाग पडतो, म्हणून मशीन चालू असताना हात थांबवायचा नाही. काठावर पॅडची फिरण्याची दिशा काठाबाहेर जाणारी हवी, काठावर चढणारी नको. पॅड कंपाउंडने चिकट होऊन लोकर चपटी झाली की ते कापण्याऐवजी नुसतं तापवतं. दर दोन-तीन तुकड्यांनी ताठ नायलॉन ब्रशने फुलवा. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर पॅड तिला गुंडाळून घेतं. आणि पांढऱ्या पृष्ठभागाखाली कापडाच्या विणीसारखी जाळी दिसायला लागली तर मशीन ताबडतोब उचला. तिथला जेलकोट संपला, आता नवा जेलकोट लावण्याशिवाय इलाज नाही.

वॉटर पेपरची वेळ आलीच तर १००० नंबरपासून सुरू करा, मग १५००, मग २०००. पेपर रबरी ब्लॉकवर गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रुंदीच्या खाचा पडतात. सुरू करण्याआधी मऊ पेन्सिलीने हलक्या तिरक्या रेघा ओढा. रेघा पुसल्या गेल्या की तो नंबर झाला, पुढे एक फेरीही नको. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. त्यानंतर वरचं रबिंग.

## ८. पॉलिश

रीत तीच, पॅड फोमचं, वेग १,००० च्या आसपास, दाब आणखी कमी. कंपाउंड लागलेलं पॅड इथे वापरू नका. पांढऱ्या होडीवर ही पायरी गाळली तरी लांबून कळत नाही. निळ्या, लाल, काळ्या होडीवर उन्हात वर्तुळंच वर्तुळं दिसतात. शेवटी परत अल्कोहोल-पाण्याचा हात.

## ९. वॅक्स

लोक सगळ्यात जास्त वाया घालवतात ते इथे, जाड थर लावून. वरचा जाडपणा टिकत नाही, पुसताना कापडावरच येतो आणि हात भरून येतात. फोमचा गोल स्पंज ओलसर करून पिळा, पेस्टवर एकदाच फिरवा आणि दोन-तीन फुटांच्या तुकड्यावर इतकं पातळ लावा की नुसता धुरकटपणा दिसावा. त्याच दिवशी पॉलिश केलेल्या भागावर त्याच दिवशी वॅक्स. रात्रभर उघडं ठेवलं तर पहाटेचं दव आणि खारा वारा त्यावर बसतो.

बोटाने एक रेघ ओढून बघा. रेघ स्वच्छ निघाली तर पुसायला तयार, लिंपली तर थांबा. कोरड्या हवेत पाच ते दहा मिनिटं लागतात, दमट हवेत वीसही. म्हणून घड्याळ न बघता बोट बघायचं. पुसायला दोन कापडं: एकाने काढायचं, दुसऱ्याने चमकवायचं. काढताना कापड फरफटत असेल तर थर जाड होता. त्याच वॅक्सचा अगदी थोडा ताजा हात वरून फिरवला की जुना मऊ होऊन सुटतो.

दुसरा हात दुसऱ्या दिवशी. पहिल्या हातात सुटलेल्या जागा त्यात भरल्या जातात. नाळ आणि मागची फळी यांना तिसरा दिला तर उत्तम, तिथे पाणी आणि धूर सगळ्यात जास्त लागतो.

## १०. कुठे लावायचं नाही

डेकच्या खरखरीत भागावर आणि पायऱ्यांवर वॅक्स अजिबात नको. ओल्या पायाने चढणारा प्रवासी तिथे घसरून पडेल. पाणरेषेखालीही नको, तिथे शेवाळ-बार्नकल रोखणारा अँटिफाउलिंग रंग लागतो आणि वॅक्सवर तो धरत नाही. तो रंग द्यायचा असेल तेव्हा आधी ॲसिटोनने वॅक्स काढायचं, मगच पेपर मारायचा. उलट क्रमाने केलं तर पेपर वॅक्सला ओरखड्यांत दाबून बसवतो.

## ११. त्यानंतर

रोज संध्याकाळी गोड्या पाण्याचा एक हात. आठवड्यातून एकदा कारचा सौम्य शाम्पू. भांड्यांचा साबण आता बंद, तो वॅक्स उतरवतो. टायर फेंडर म्हणून लावत असाल तर त्यावर जाड कॅनव्हासचं कव्हर शिवून घ्या, अर्धे फराटे तिथेच वाचतात. महिन्यातून एकदा पाणी शिंपडून थेंब बघा. थेंब चपटे व्हायला लागले की त्याच आठवड्यात धुऊन वॅक्सचा एक हात द्या, पूड येईपर्यंत थांबू नका. वरच्या मापाच्या होडीला हे एका सकाळचं काम आहे, मशीनशिवाय.